फिन्सलर भूमितीतील संशोधन: कॉन्फॉर्मल बदल घ्यावा की रँडर्स बदल?

अमरावती किंवा गोंडवाना विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी करून तालुक्याच्या गावीच राहून फिन्सलर भूमितीवर (जिथे लांबीचे माप ठिकाणाबरोबर दिशेनुसारही बदलते) काम करू इच्छिणाऱ्याला मेट्रिकचे (म्हणजे लांबी मोजण्याच्या त्या मापाचे) हे दोन बदल पारखून घ्यावे लागतात. कॉन्फॉर्मल बदलात मूळ मेट्रिकला केवळ स्थानावर अवलंबून असणाऱ्या धन फलाने गुणले जाते, तर रँडर्स बदलात त्यात बीटा हा वन-फॉर्म (प्रत्येक ठिकाणी दिशेचे रेषीय फल) मिळवला जातो. चिखलाच्या काळ्या रानात बैलबंडी कोणत्याही दिशेने हाकली तरी त्या ठिकाणी ओढ सारख्याच पटीने वाढते, हा पहिला प्रकार. उतारावर जाताना ती हलकी आणि परतताना जड लागते, हा दुसरा.

कॉन्फॉर्मल बदलात मूलभूत टेन्सर (मेट्रिकच्या वर्गाच्या, दिशेनुसार काढलेल्या दुसऱ्या विकलजांचा निम्मा) गुणकाच्या वर्गाने गुणला जातो, त्याचा व्यस्त एका ओळीत मिळतो आणि कार्टन टेन्सरचे (मूलभूत टेन्सर दिशेनुसार कसा बदलतो ते सांगणाऱ्या टेन्सरचे) मिश्र रूप, म्हणजे एक निर्देशांक वर घेतलेले रूप, मुळीच बदलत नाही. दोन मेट्रिकांचे मूलभूत टेन्सर प्रमाणात असतील तर गुणक दिशेवर अवलंबून राहूच शकत नाही, हे गणिती नेबेलमन (Knebelman) यांनी १९२९ मध्ये दाखवले. रँडर्स बदलात मात्र मूळ मेट्रिकने मोजलेली बीटाची लांबी १ पेक्षा कमी असावी लागते आणि व्यस्त टेन्सर काढतानाच पाने भरतात.

जिओडेसिकांच्या, म्हणजे त्या मापाने सर्वांत जवळच्या वाटांच्या, बाबतीत चित्र उलटते. वरच्या अर्धप्रतलावरील युक्लिडीय मेट्रिकला उंचीने भागले, की तिरप्या सरळ रेषांच्या जागी अर्धवर्तुळे जिओडेसिक होतात. त्याच मूळ मेट्रिकमध्ये स्थिर गुणांकांचा, १ पेक्षा कमी लांबीचा वन-फॉर्म मिळवला, तर सगळ्या रेषा जागच्या जागी राहतात. फक्त जाण्यायेण्याचे अंतर वेगळे होते. बीटा बंद (बाह्य विकलज शून्य असलेला) असेल तर कोणत्याही फिन्सलर मेट्रिकबाबत हेच घडते. कॉन्फॉर्मल बदलात मात्र सर्व जिओडेसिक टिकायचे, तर गुणक स्थिरच असावा लागतो. स्प्रेच्या (जिओडेसिकांचे समीकरण ठरवणाऱ्या राशींच्या) सूत्रात जी जादा भर पडते ती प्रत्येक दिशेला, त्या त्या दिशेशी समांतर हवी, आणि दोन वा अधिक मितींत गुणकाचा ग्रॅडियंट शून्य असल्याशिवाय ते शक्य नाही.

मार्गदर्शक दूर असतील आणि प्रत्येक पायरी हातानेच तपासायची असेल, तर मी कॉन्फॉर्मल बदल घ्यायला सांगेन. निव्वळ नवी सूत्रे मांडणारे शोधनिबंध पुष्कळ झाले आहेत. म्हणून वक्रतेचा एखादा गुणधर्म निवडून तो टिकण्यासाठी गुणकावर कोणती अट येते, तेवढेच शोधावे. मितींची अट आधी ठरवावी, कारण दोन मितींतले निष्कर्ष पुष्कळदा निराळे निघतात. बंद नसलेल्या बीटाचे जिओडेसिकच ज्याला खुणावतात, त्याने रँडर्सकडे वळावे, पण वेळ हाताशी ठेवूनच.