१२ हॉर्सपॉवर, एक फाळ आणि डावं चाक: नऊ महिने वापरून

आधीच सांगून टाकतो, नांगरताना माझ्या या छोट्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन एकदाही दमलं नाही. अडलं ते पकडीपाशी. फाळ जमिनीत शिरला की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, हिरवळ खरवडून दोन खड्डे पाडायची, आणि मी उगाच गिअर बदलत बसायचो.

ट्रॅक्टर व्हील हॉर्स सी-१२०, १९७०च्या दशकातला. मी अमेरिकेत, उत्तर इंडियानात राहतो, आणि ही कंपनीही इथलीच. साउथ बेंड गावात १९४६ साली सुरू झाली, १९८६ साली टोरो कंपनीने घेतली. त्यामुळे इकडच्या गॅरेजांतून जुने लाल व्हील हॉर्स अजून निघतात. मला गेल्या सप्टेंबरमध्ये ७०० डॉलरला मिळाला, सोबत गंजलेला १० इंची एकफाळी नांगर फुकट. कोहलरचं के-३०१ इंजिन, सिलिंडर एकच, ४७६ सीसी. पुढचे गिअर ६, मागचे २. गावाकडच्या ट्रॅक्टरशी तुलना करू नका. याचं वजन ३०० किलोच्या आसपास, चांगल्या खिलार बैलाएवढंसुद्धा नाही. हाच सगळ्या दुखण्याचा उगम.

काम किती, तर घरामागचं पाचेक गुंठ्यांचं भाजीचं रान. चिकण माती, वर कित्येक वर्षांचं गवत.

ऑक्टोबरमधला पहिला प्रयत्न फसला. टायर हिरवळीवर चालवायचे होते, गुळगुळीत नक्षीचे आणि भेगा पडलेले. ते काढून त्याच मापाचे, म्हणजे २३×८.५०-१२, उंच खाचांचे शेतीचे टायर घातले. हवा ७-८ पीएसआयच ठेवली, म्हणजे टायर जरा पसरून बसतो. फरक पडला, पण पुरेसा नाही. दहा पावलं जायचा आणि पुन्हा घसरायचा.

मग वजन. टायरात नुसतं पाणी भरलं तर इथल्या थंडीत गोठतं. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी जड असतं आणि गोठत नाही, पण रिम खाऊन टाकतं. बरेच जण गाडीच्या काचा धुवायचं निळं द्रव भरतात, स्वस्तात काम होतं. पण त्यात मेथॅनॉल असतं, आणि जिथे मेथी पेरायची तिथे ते गळालेलं मला नको होतं. शेवटी टायरवाल्याकडून बीटापासून केलेलं द्रव भरून घेतलं. साखरेच्या बीटातूनच येतं, दिसायला थेट आपल्या कारखान्यातल्या मळीची धाकटी बहीण. पाण्यापेक्षा जवळपास ३० टक्के जड. एका चाकात २६ लिटर बसलं, म्हणजे ३३-३४ किलो. शिवाय दोन्ही चाकांना बाहेरून २३-२३ किलोची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं. (एका ऑनलाइन दुकानाने आधी भलत्याच मापाची पाठवली आणि परतीचा खर्च माझ्याच माथी मारला. नाव घेत नाही.)

एवढं करूनही डावं चाक फिरायचंच. का, ते कळायला मला लाज वाटेल इतका वेळ लागला. पहिलं तास, म्हणजे नांगराने पडणारी चर, काढताना चारही चाकं सपाटीवर असतात. दुसऱ्यापासून उजवी चाकं आधीच्या तासात उतरतात, ट्रॅक्टर उजवीकडे कलतो, भार उजवीकडे जातो, आणि डावं चाक वर गवतावर हलकं पडतं. माझ्या ट्रॅक्टरचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा भाग) साधा आहे. हलकं चाक फिरत राहतं आणि जड चाक ढिम्म. म्हणजे उजव्या चाकावर कितीही वजन लादा, ओढ मिळणार ती डाव्याच्या पकडीपुरतीच. मी उजव्याचं बीड काढून डाव्यावर चढवलं आणि त्याच दुपारी सहा तासं न थांबता निघाली.

नांगर बसवतानाही हा कल धरावा लागतो. डाव्या चाकांखाली सहा इंच उंचीच्या फळ्या घालायच्या, म्हणजे ट्रॅक्टर शेतात कलतो तसाच अंगणातही कलतो. मग नांगर सरळ करून बोल्ट आवळायचे. मी आधी सपाट फरशीवर सरळ केला होता, त्यामुळे रानात फाळ तिरका चालायचा आणि बाजूला ओढायचा. दहा इंची नांगराला पाच-सहा इंच खोली पुष्कळ. आठ इंच जाऊन पाहिलं तर ट्रॅक्टरचं नाक उचललं आणि स्टिअरिंग हवेत. डोक्यावर संरक्षक कमान नाही, तेव्हा हा प्रयोग कोणी करू नये.

गंजाचंही तसंच. नांगराच्या माती पलटणाऱ्या पत्र्यावर गंज असला की माती सरकत नाही, चिकटून गोळा होतो आणि ओढ वाढते. ग्राइंडरने घासला, बाकीचं मातीनेच केलं. आता ढेकूळ उलटतं तेव्हा त्याची पाठ विळ्याने कापल्यासारखी चकाकते. काम झालं की पत्र्याला ग्रीस फासून ठेवतो.

थंडीत नांगर काढून पुढे बर्फ सारायचं पातं लावलं. तिथे चाकांना साखळ्या लागतातच, पण ड्राइव्हवेवर ओरखडे उठतात. त्याच साखळ्या हौसेने नांगरटीला ठेवल्या तर खाचांत चिखल भरून चाकाचा रूळ झाला. शेतीचे टायर असतील तर मातीत साखळ्या नकोत.

एप्रिलमध्ये पुन्हा उतरलो आणि पुन्हा घसरलो. वैतागून व्हिडिओ कॉलवर आप्पांना रान दाखवलं. त्यांनी साताऱ्यात जन्मभर बैलांमागे नांगर धरलेला. ट्रॅक्टरकडे बघितलंही नाही. म्हणाले, "अरे, वाफसा कुठाय? मूठ वळून बघ की." वाफसा म्हणजे माती ना चिकट ओली, ना कोरडी, कसायला बेताची. मूठ वळली, कमरेएवढ्या उंचीवरून टाकली, तर गोळा थप्पकन तसाच पडला. पाच दिवस थांबलो. सहाव्या दिवशी तोच गोळा पडून फुटला आणि त्याच वजनावर, त्याच टायरांवर, खालच्या पहिल्या गिअरात सगळं रान तीन तासांत उलटलं. वजनांवर, टायरांवर आणि द्रवावर मिळून जे ५०० डॉलर गेले, त्यातले थोडे तरी या पाच दिवसांनी वाचले असते, असं आता वाटतं.

तक्रारी म्हणाल तर नांगर उचलायचा तो हाताच्या दांड्याने. प्रत्येक तासाच्या टोकाला एकदा, आणि संध्याकाळपर्यंत खांदा बोलायला लागतो. वळायला जागाही बरीच लागते, त्यामुळे कुंपणालगतची पट्टी कुदळीनेच खणली. पन्नाशीच्या आसपासच्या यंत्राचे इग्निशनचे पॉइंट आणि कार्ब्युरेटर साफ करायची आवड नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. भाड्याचा रोटाव्हेटर परवडेल.

उजव्या चाकावरून काढलेलं बीड आधी डाव्यावरच होतं. आता नाक उचलू नये म्हणून तेवढंच पुढच्या बंपरला बोल्टने आवळलंय. डाव्या चाकाला त्याचं स्वतःचं आणि टायरातलं पुरतंय.