कॉम्प्युटर, बिझनेस की मार्केटिंग? अमेरिकन हायस्कूलमधलं इलेक्टिव्ह निवडताना

आठवीचं वर्ष अर्धं सरलं की अमेरिकेतल्या शाळांतून नववीच्या विषयनिवडीचा फॉर्म घरी यायला लागतो. गणित, इंग्रजी, विज्ञान, इतिहास ठरलेलेच असतात. परदेशी भाषा आणि बँड घेतलेला असेल तर इलेक्टिव्हसाठी, म्हणजे ऐच्छिक विषयासाठी, मोकळी जागा एखादीच उरते. त्या जागेसाठी कॅटलॉगमध्ये 'सीटीई', म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, या मथळ्याखाली पानंच्या पानं भरलेली असतात. मराठी घरात मात्र निर्णय मिनिटभरात होतो : कॉम्प्युटर घे.

हा निर्णय चूक नाही, पण अर्धवट आहे. कुठला कॉम्प्युटर, आणि त्यानंतर काय, हे त्यात येतच नाही. सीटीईला केंद्राचा पैसा पर्किन्स कायद्याखाली मिळतो. मूळ कायदा १९८४चा, सध्याची आवृत्ती २०१८ची. तिच्यानुसार एकाच प्रोग्रॅममधले किमान दोन कोर्स पूर्ण करणारा विद्यार्थी त्या शाखेचा 'कॉन्सन्ट्रेटर' मानला जातो. शाखांची रचनाच पायऱ्यापायऱ्यांची आहे. दरवर्षी वेगळ्या शाखेचा पहिलाच कोर्स घेत गेलं तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चार वर्षांच्या गुणपत्रकावर, चार सुरुवाती दिसतात. म्हणून आधी बघायचं ते हे, की दुसरी पायरी आपल्याच शाळेत आहे का, आणि ती दरवर्षी भरते का.

कॉम्प्युटर या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स : वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आणि जमलं तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्टचं प्रमाणपत्र. यातलं एक्सेल खरोखर कामाचं. बाकीचं मूल आपलं आपण शिकतं. दुसरी, नेटवर्क-हार्डवेअर-सायबरसुरक्षेची वाट. तिच्या टोकाला कॉम्पटिया ए प्लससारखी प्रमाणपत्रं असतात. यंत्र उघडून बघणाऱ्या मुलाला ही वाट फार मानवते, आणि आपल्याकडे ती उगाचच दुय्यम मानली जाते. तिसरी, प्रोग्रॅमिंग. बहुतेकांच्या मनात 'कॉम्प्युटर' म्हटल्यावर हीच असते.

इथे खरा पेच दोन एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या, कोर्सेसमध्ये आहे. एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स २०१६-१७ पासून सुरू झाला. इंटरनेट कसं चालतं, डेटा, अल्गोरिदम, कॉम्प्युटिंगचे समाजावरचे परिणाम आणि थोडं कोडिंग असा त्याचा पसारा. भाषा शिक्षक ठरवतात. परीक्षेत ७० बहुपर्यायी प्रश्नांना ७० टक्के गुण, आणि उरलेले ३० टक्के मुलाने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. त्या प्रोग्रॅमसाठी वर्गात किमान ९ तास द्यावे लागतात. एपी कॉम्प्युटर सायन्स ए म्हणजे सरळ जावा, वर्षभर जावा. परीक्षेत कोड लिहून दाखवायचे चार प्रश्न असतात. पुढे कॉम्प्युटर सायन्समध्येच मेजर करायचं, म्हणजे तोच मुख्य विषय घ्यायचा, असेल तर कॉलेजात मिळणाऱ्या क्रेडिटच्या दृष्टीने 'ए'चं वजन जास्त. 'प्रिन्सिपल्स'चं क्रेडिट मिळालं तरी ते बऱ्याचदा मेजरबाहेरच्या ऐच्छिक विषयात जातं.

माझं मत विचाराल तर बीजगणितात रमणाऱ्या आणि आधी थोडं कोडिंग केलेल्या मुलाने 'प्रिन्सिपल्स'वर वर्ष घालवू नये. ज्याला अजून अंदाजच नाही, त्याच्यासाठी मात्र तो उत्तम आहे. वर्षअखेर 'हे माझं काम नाही' असं कळलं, तरी इंटरनेट आणि डेटाची समज वाया जात नाही.

बिझनेसकडे वळू. 'इंट्रोडक्शन टू बिझनेस' हा कोर्स पुढच्या कोर्सची अट नसेल तर सोडून द्यावा. सगळ्याची ओळख, हातात काही नाही. पर्सनल फायनान्स मात्र घ्यावाच. व्हर्जिनियासारख्या राज्यांत अर्थशास्त्र आणि वैयक्तिक वित्त मिळून एक क्रेडिट हायस्कूल ग्रॅज्युएशनसाठी सक्तीचंच आहे, त्यामुळे तिथे तो निवडीचा प्रश्नच उरत नाही.

अकाउंटिंग हा सगळ्यात दुर्लक्षित कोर्स, आणि मला सगळ्यात भरीव वाटणारा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. भारतात कॉमर्सला गेलेल्या पालकांनी हे सगळं हाताने केलेलं आहे. मूल वर्षभरात एका छोट्या धंद्याचं पूर्ण हिशेबचक्र फिरवतं. डेबिट-क्रेडिट जुळलं नाही तर चूक शोधत मागे मागे जावं लागतं. प्रोग्रॅममधला बग शोधायला लागते तीच चिकाटी इथेही लागते. म्हणून कोडिंगकडे कल असलेल्या मुलाला दुसरं इलेक्टिव्ह म्हणून मी बेधडक अकाउंटिंग सुचवते. कंपन्यांची निम्मी सॉफ्टवेअरं शेवटी कुणाचा ना कुणाचा हिशेबच ठेवत असतात.

मार्केटिंगबद्दल घरोघरी एकच शंका : 'यात अभ्यास काय असतो?' पुस्तकातला भाग खरंच हलका आहे. वस्तू, किंमत, वितरण, प्रसिद्धी ही चौकट आणि तिच्यावरची उदाहरणं. वजन आहे ते वर्गाबाहेरच्या कामाला. काही शाळांत मार्केटिंगची मुलंच शाळेचं दुकान चालवतात : माल मागवणं, किंमत लावणं, गल्ला मोजणं. आणि डेका. १९४६ साली सुरू झालेल्या या विद्यार्थी-संघटनेच्या स्पर्धांत वैयक्तिक रोल-प्ले प्रकारात मुलाला एक व्यावसायिक अडचण लिहून देतात, तयारीला १० मिनिटं, आणि मग परीक्षकासमोर उभं राहून तोडगा पटवून द्यायचा. हुशार पण चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलांना याचा जितका फायदा होतो तितका बडबड्यांना होत नाही.

अशा कोर्सने जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, मागे पडेल ही भीती अगदीच खोटी नाही. बहुतेक शाळांत एपीला जादा वजन मिळतं. मार्केटिंग-अकाउंटिंगला सहसा नाही. कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांना 'ए-जी' यादीतले १५ कोर्स लागतात. कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स गणित किंवा विज्ञानाच्या रकान्यातही मंजूर झालेला असू शकतो, तर बिझनेसचे कोर्स बहुधा 'जी' म्हणजे ऐच्छिक रकान्यात पडतात. कोर्स मंजूर आहे का, हे शाळागणिक बदलतं. टेक्ससमध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचे दोन क्रेडिट ग्रॅज्युएशनपुरते परदेशी भाषेऐवजी चालू शकतात. पण कॉलेजांना अनेकदा भाषाच हवी असते, तेव्हा तो शॉर्टकट घेताना जपून.

एका शाखेत बसून दुसरीची चव घ्यायची तर एफबीएलए (फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका) हा क्लब आहे. त्याच्या स्पर्धांत कोडिंगही असतं आणि अकाउंटिंगही. डेकासाठी मात्र अनेक शाळा मार्केटिंगच्या वर्गात नाव असण्याची अट घालतात, हे काउन्सेलरला आधीच विचारून घ्यावं.

क्रमाचं सांगायचं तर जावा दहावीत संपवून अकरावीत मार्केटिंग किंवा अकाउंटिंग घेतलं की दोन्ही नीट बसतात, आणि त्या शाखेची दुसरी पायरी बारावीत चढता येते. उलट क्रमात जावा बारावीवर गेला, तर एपीचा निकाल मे महिन्यातल्या परीक्षेनंतर, जुलैत हाती येतो. तोवर कॉलेजचे प्रवेश होऊन गेलेले असतात.