लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला

चिंचपोकळीला उतरून लालबागकडे चालायला लागलात की मिरची गल्ली कुणाला विचारावी लागत नाही. ठसका लागला की आलीच समजा. आमचा मालवणी मसाला दर उन्हाळ्यात इथेच होतो. पाकिटापेक्षा महाग पडतो, अर्धा दिवस मोडतो, तरी मी इथेच जाते. मसाल्यात काय पडलंय ते इथे डोळ्यांनी दिसतं.

दुकानासमोर मिरच्यांची पोती उघडी असतात आणि नवखं माणूस लालभडक रंगावर भुलतं. रंग वेगळा, तिखट वेगळं. ब्याडगी लांब, सुरकुतलेली. रंग भरपूर, तिखट बेताचं. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाची ही मिरची, २०११ पासून भौगोलिक मानांकन असलेली. लवंगी दिसायला एवढीशी, पण जाळ. संकेश्वरी तिखटाला बरी. किलोभर मिरचीत आम्ही अर्धा किलो ब्याडगी, पाव संकेश्वरी, पाव काश्मिरी घेतो. सासूबाई होत्या तोवर काश्मिरीच्या जागी लवंगी असायची. आता घरात दोघांना ॲसिडिटी आहे. घेताना मिरची कानाशी हलवून बघा. बी वाजलं तर वाळलेली, नाहीतर ओलाव्याचे पैसे आपण भरतो आणि वर मसाल्याला बुरशी येते ती वेगळीच.

खड्या मसाल्यात मात्र डोळे उघडे ठेवा. एका दुकानात मी जायपत्री मागितली आणि कागदावर रामपत्री आली. दोन्ही जायफळाच्याच कुळातल्या, पण रामपत्रीच्या पाकळ्या लांब आणि वासाच्या नावाने शून्य. मी नाकाशी धरून परत केली, शेठ काही बोलले नाहीत, दुसऱ्या डब्यातली काढून दिली. लवंगेला नख लावा, तेल सुटलं पाहिजे. दालचिनी जाड सालीची दिली तर भांडू नका, मसाल्याला तीच चालते. थरावर थर असलेली पातळ सिलोनी दालचिनी चहाला आणि गोडाला ठेवा. तिरफळातलं काळं बी घरीच काढून न्या. चव सगळी टरफलात असते, बी नुसतं दाताखाली कचकचतं.

भाजणाऱ्या मावशींचा हात बघण्यासारखा आहे. मोठ्या कढईत तेलाचा हलका हात, धणे वेगळे, बडीशेप वेगळी, दगडफूल शेवटी आणि जेमतेम गरम होईपर्यंत. गर्दीत कुणी धणे आणि खसखस एकदम टाकायला निघालं तर खुशाल थांबवा. धण्यांना रंग येईपर्यंत खसखस करपते आणि तो कडूपणा वर्षभर रश्श्यात लागतो.

मग डंका. मोटरवर लोखंडी मुसळं उखळात धाडधाड आपटतात, माणूस कुटलेलं चाळतो, चाळणीवर उरलेलं जाडसर परत उखळात. चक्कीत दळताना मसाला तापतो आणि वास तिथेच उडतो. डंकावर तो कमी तापतो, म्हणून एवढी हौस. माझी तक्रार एकच, आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळात राहिलेला असतो. सांगितलं तर झाडून देतात, आपणहून कुणी देत नाही. मे महिन्यात दुपारी गेलात तर रांगेत तासनतास जातात, बसायला जागा नाही, डोळ्यांतून पाणी. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना नेऊच नका.

तिथेच उघड्या परातीत तयार मसालाही मिळतो. तो मला पटत नाही, वास अर्धा रस्त्यावरच गेलेला असतो.

घरी आल्यावर लगेच बरणी भरू नका. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग दाबून भरा आणि मध्ये हिंगाचे खडे. थोडक्या मालासाठी डंका लावायला दुकानदार कुरकुरतात, तेव्हा ज्यांना वर्षाला पाव किलोच लागतो त्यांनी शेजारणींना गाठून मिळून करून आणावा.