गिटारच्या तारा खाली आणायच्या: नेक कलवायचा की ब्रिज बुडवायचा?

स्वतः इलेक्ट्रिक गिटार बनवताय. ब्रिज म्हणजे बॉडीवरचा तारांचा आधार; त्यावरचे सॅडल (तार टेकते ते तुकडे) पार तळाला टेकलेत आणि नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) बाराव्या फ्रेटवर, म्हणजे आडव्या धातूच्या पट्टीवर, तारेखाली अजून ३ मि.मी. फट आहे. हवी असते साधारण दीड ते दोन. ब्रिज जितका उतरतो, त्याच्या निम्म्यानेच तिथली तार उतरते. म्हणजे १ मि.मी. कमी करायला ब्रिज २ मि.मी. खाली न्यावा लागतो, आणि सॅडलचे स्क्रू तर आधीच पूर्ण खाली गेलेत. म्हणून हा हिशोब लाकूड कापण्याआधीचा.

पॉकेट (नेक बसतो ती बॉडीतली खाच) आणखी खोल केलं तर? तर फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकची वरची पट्टी) खाली जातो आणि तारा त्याच्यापासून उलट लांब पडतात. ही चूक बऱ्याच जणांच्या हातून होते.

फेंडरच्या स्ट्रॅट किंवा टेली गिटारसारखा चपटा ब्रिज, २५ मि.मी.ची हील (नेकचं बॉडीत बसणारं टोक, फ्रेटबोर्डासह जाडी) आणि १६ मि.मी.चं पॉकेट असेल तर दोन्हींतलं काहीच करू नका, सरळ नेकवर भागतं. प्रश्न येतो तो गिब्सनच्या ट्यून-ओ-मॅटिकसारखा उंच ब्रिज निवडल्यावर.

नेक मागे कलवला की तारांना बॉडीपासून मोकळी जागा मिळते, उजव्या हाताला ऐसपैस वाटतं. पण कोन फार हळवा असतो. फ्रेटबोर्डाच्या टोकापासून ब्रिज जेमतेम १८० मि.मी.वर, तेवढ्यात १ अंश म्हणजे ३ मि.मी.चा फरक. गिब्सनचाही इथे पाय घसरला होता. १९५२च्या त्यांच्या पहिल्या लेस पॉल गिटारवर नेकचा कोन इतका कमी होता की तारा ब्रिजच्या दांड्याखालून ओवाव्या लागत, आणि मग तळहाताने तारा दाबून वाजवणं अवघड. चिकटवलेल्या नेकमध्ये असं चुकलं तर नेक उपटण्यापर्यंत पाळी येते.

दुसरा मार्ग ब्रिज बुडवण्याचा: ब्रिजखाली ३-४ मि.मी.चा खड्डा राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) काढणं दिसायला ओबडधोबड, पण चूक पोटात घालणारं. खड्डा थोडा खोल गेला तर स्क्रू वर फिरवून भागतं. मात्र फ्रेटबोर्ड बॉडीवर जवळजवळ टेकलेला असेल तर तारा लाकडाच्या फार जवळ येतात: बोटं बॉडीवर आपटतात, पिकअपही (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग) खोल बसवावे लागतात.

माझ्या मते सपाट बॉडी, बोल्टचा नेक आणि पहिलीच गिटार असेल तर ब्रिज बुडवा. वरचा भाग फुगीर कोरायचा असेल तर नेक कलवण्याला पर्याय नाही. आधी पूर्ण मापाचं बाजूचं चित्र काढा, तेही फ्रेटची उंची धरून.

बोल्टचा नेक आधीच बसवून झालाय? पॉकेटच्या पूर्ण लांबीची अर्ध्या अंशाची लाकडी शिम (उतरती पातळ पट्टी) घाला, जाड बाजू ब्रिजकडे. बाराव्या फ्रेटवर जवळपास १ मि.मी. सुटतो. पहिल्या फ्रेटवर मात्र तार उंचच राहिली, तर दोष नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेचा. तिथे कानस लागेल.