वडापाव की बर्गर, पावभाजी की भेळ? संध्याकाळच्या भुकेचा हिशेब

संध्याकाळी पावणेसातला ठाण्याला लोकलमधून उतरलं की पोटात कावळे ओरडत असतात आणि जेवायला अजून दोन तास असतात. स्टेशनबाहेर वडापावची गाडी, थोडं पुढे बर्गर, कोपऱ्यावर पावभाजी आणि तिला लागून भेळ. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून गेले आठ महिने मी या चौघांच्या मध्ये उभा राहून हिशेब करतोय. तुम्हीही तिथेच घुटमळत असाल तर हा हिशेब तुमच्या कामाचा आहे.

आधी एकच गणित डोक्यात ठेवा. तेल, तूप, बटर यांच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात. साखर, पीठ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममध्ये ४. (मेनूवरची कॅलरी म्हणजे खरं तर किलोकॅलरी, बोलताना आपण ‘किलो’ गाळतो.) त्यामुळे बटाट्याला उगाच शिव्या देऊ नका. उकडलेल्या बटाट्यात १०० ग्रॅमला ८५ च्या आसपास कॅलरी निघतात, तेवढ्याच वजनाच्या शेवेत साडेपाचशेच्या घरात.

वडापाव मी एकदा न खाता घरी आणला आणि वजनकाट्यावर सुटा करून ठेवला. पाव ४५ ग्रॅम, वडा ७५, सुकी लसणाची चटणी चमचाभर. पावाच्या साधारण १२० कॅलरी. वड्यातला बटाटा आणि बेसन मिळून ९० आणि वड्याने प्यायलेलं तेल सातआठ ग्रॅम धरलं तर आणखी ७०. चटणीतल्या खोबऱ्याचे नि शेंगदाण्याचे वीस-पंचवीस. बेरीज ३०० च्या आसपास. तेल गार असताना वडा सोडला तर तो जास्त तेल पितो, म्हणून हा आकडा गाडीगणिक बदलणार. वडा कागदावर ठेवून दोन मिनिटं थांबा, कागद किती पारदर्शक होतो त्यावरून तुमच्या गाडीवाल्याची परीक्षा होते.

आता बर्गर. मॅकडोनाल्ड्सच्या आलू टिक्की बर्गरला त्यांच्याच यादीत ३४० च्या आसपास कॅलरी दिल्या आहेत. म्हणजे पावात बटाटा इथेही आणि तिथेही, फरक फक्त चाळीसेक कॅलरींचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडी निराशाच झाली, कारण आपला तो वडापाव आणि त्यांचं ते जंक, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो होतो.

खरा फरक काउंटरवर पडतो. तिथला मुलगा नम्रपणे विचारतो, ‘सर, मील करू का?’ आपण हो म्हणतो. मग मध्यम आकाराचे फ्राइज येतात, साधारण ३२० कॅलरींचे. सोबत कोला, ३०० मिलिलिटरला १३० कॅलरी, सगळ्या साखरेच्या. ३४० चा बर्गर बघता बघता ७९० वर जातो. आणि त्याच यादीतला व्हेज महाराजा मॅक घेतलात तर तो एकटाच ८०० च्या वर आहे. नावात व्हेज असलं की हलकं, हा समज तिथे पार बुडतो.

गाडीवर मील नसतं, पण तिथलं संकट वेगळं. एका वडापावाने भागत नाही. ‘अजून एक लाव’ हे वाक्य तोंडातून कधी निघतं ते कळतही नाही. वर ‘चुरा टाक जरा’. हा फुकटचा चुरा म्हणजे तेलात तळलेले बेसनाचे थेंब. फुकट असला तरी हिशेबात येतो. दोन वडापाव, मूठभर चुरा आणि दोन चमचे साखरेचं कटिंग, की आपणही ७०० च्या आसपास पोचलो. मॉलवाल्याला नावं ठेवायची सोय उरली नाही.

एका बाबतीत मात्र साखळी दुकानं पुढे आहेत: आकडा समोर लिहिलेला असतो. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर पदार्थाशेजारी कॅलरी लिहायच्या, असा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचा) नियम २०२० मध्ये आला आणि जुलै २०२२ पासून लागू झाला. आकडा एका सर्व्हिंगचा असतो, म्हणून पिझ्झा घेताना ते सर्व्हिंग म्हणजे अख्खा पिझ्झा की त्याचा तुकडा, हे आधी बघा. मेनूवर बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, की सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी २००० कॅलरी लागतात. ती वाचून मी खूश व्हायचो. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषासाठी २११० आणि बाईसाठी १६६० कॅलरी धरल्या आहेत. म्हणजे तोच ३०० चा वडापाव माझ्या दिवसाचा सातवा हिस्सा आणि बायकोच्या दिवसाचा जवळजवळ पाचवा. आम्ही दोघं वर्षानुवर्षं ‘दोन दोन’ अशी समान वाटणी करत होतो.

पावभाजीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिच्यात भाज्या असतात आणि त्या भाज्यांच्या आडून ती सुटते. एका रविवारी पार्सल आणलेल्या भाजीतली निम्मी उरली, म्हणून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी झाकण काढलं तर वर नारिंगी रंगाची साय धरलेली. चमच्याने खरवडून काट्यावर ठेवली: ९ ग्रॅम. ती निव्वळ स्निग्धता, म्हणजे ८० कॅलरी. तीही अर्ध्या भाजीची आणि फक्त वर आलेली. जी भाजीत मुरली ती वेगळी. त्यावर दोन पावांचे २४०, पाव तव्यावर परतताना लावलेलं बटर आणि भाजीवर ठेवलेला चौकोन. दहा ग्रॅम बटर म्हणजे ७२ कॅलरी, आणि तव्यावर दहा ग्रॅमने कुणाचं भागत नाही. माझ्या अंदाजाने एक प्लेट साडेसहाशेच्या खाली क्वचितच येते आणि जादा पाव घेतलात तर नक्कीच नाही. ते दोन तासांनी जेवायचं असताना खायचं खाणं नव्हे. पावभाजी खायची तर तेच जेवण समजा आणि घरी फोन करून सांगा.

मिसळीचंही तसंच. फरसाण नि तर्री यांचं तेल जबर, पण खाली मोड आलेली मटकी असते, तिच्यातल्या प्रथिनांमुळे चार तास भूक लागत नाही. कट वेगळ्या वाटीत मागा, फरसाण अर्धं करा, आणि दुपारी खा. कोल्हापूरकर याला मिसळ म्हणणार नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

भेळ हलकी, असं सगळे म्हणतात. निम्मं खरं आहे. कुरमुरे खरोखरच हलके, ओंजळभर घेतले तरी शंभरेक कॅलरी. पण भेळवाल्याचा हात शेवेच्या डब्यात सैल सुटतो आणि गोड चटणीत गूळ असतो. कोरडी शेव कमी, कांदा, टोमॅटो, कैरी भरपूर असं सांगितलंत तर अडीचशेत भागतं, आणि खायला वेळ लागतो हा मोठाच फायदा. काही न सांगता घेतलेली भेळ वडापावाच्या बरोबरीला येते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा वडा हा पर्याय मी धरतच नाही. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि वर तळण, एकादशी दुप्पट खाशी.

कॅलरीच्या पलीकडची एक गोष्ट तेलाची. तळणाच्या तेलातली पोलर संयुगं, म्हणजे तेच तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. मोठ्या साखळ्यांत ते मोजायची यंत्रणा असते, गाडीवर तुमचे डोळे हीच यंत्रणा. तेल काळपट, फेसाळ आणि धुरकट दिसलं तर मी पुढे जातो, वडा कितीही टुमटुमीत असला तरी.

माझं सध्याचं वेळापत्रक असं: एकटा असेन तर एक वडापाव, चुरा नाही, चहा घरी. मित्र सोबत असतील तर बर्गर, कारण गाडीवर मित्रांबरोबर एकावर थांबणं मला जमलेलं नाही. तिथे मात्र फक्त बर्गर आणि पाणी. ऑफिसात चारला काही खाल्लं असेल तर भेळ. पावभाजी महिन्यातून एकदा, रात्रीची.

गेल्या वेळी पावभाजीवाल्याला मुद्दाम सांगितलं, ‘मामा, बटर अगदी कमी.’ त्यांनी मान हलवली, तव्यावर खरंच निम्मंच टाकलं. मग प्लेट पुढे करताना वर सुपारीएवढा चौकोन ठेवला आणि म्हणाले, ‘हे माझ्याकडून.’