जुना कटर दुरुस्त केला, हंगामभर वापरला: वापरानंतरचा अनुभव

दापोली तालुक्यात निसर्ग वादळानंतर, म्हणजे जून २०२० नंतर, बागायतदारांच्या घरोघरी कटर, म्हणजे पेट्रोलवर चालणारे चेनसॉ, आले. आडव्या झालेल्या पोफळी आणि माड कोयत्याने किती दिवस तोडणार? माझा चेनसॉही त्याच वेळचा, साधारण ५० सीसीचा, नावाजलेल्या कंपनीचा. आता त्या वेळचे सगळेच कटर कुरकुरायला लागलेत आणि जो तो विचारतोय, दुरुस्त करू की नवा घेऊ? मी दुरुस्त केला, हंगामभर भरपूर वापरला आणि समाधानी आहे. पण कोणत्या अटीवर, ते नीट सांगायला हवं.

तक्रार अशी होती: गरम झाला की बंद पडायचा, रेस सोडली तरी चेन फिरत राहायची, कार्बोरेटरचे स्क्रू कितीही फिरवले तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच. पहिल्या दुकानात न खोलताच सांगितलं, "पिस्टन गेला, नवा घ्या." याचा मला अजून राग येतो, कारण बघणं अगदी सोपं आहे. थंड मशीनचा सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारा आणि दोरी हळूहळू ओढा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर तो घासलाय. अंग स्वच्छ असेल, कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील, तर तो चांगला आहे. दुसरी परीक्षा दोरीची. स्विच बंद ठेवून कटर दोरीच्या मुठीला धरून उचला. स्वतःच्या वजनाने अडखळत, थांबत खाली उतरला तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, आहे; सरसर खाली आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा ब्लॉक (सिलिंडर) गेला. गेज लावलं तर १५० पीएसआयच्या आसपासचा आकडा उत्तम.

माझा पिस्टन स्वच्छ निघाला. चिपळूणच्या मिस्त्रींनी खरा दोष काढला: कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधला रबरी पाइप तडकला होता आणि क्रँकचं एक सील कडक झालं होतं. तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलातूनच येतं, त्यामुळे तेही कमी पडतं, मशीन तापतं आणि शेवटी पिस्टन धरतो, म्हणजे आत अडकून बसतो. ही गळती तशीच ठेवून नुसता पिस्टन बदलला तर नवाही जाणार, म्हणून दुरुस्ती करताना आधी कारण शोधून घ्या. दोन्ही सील, पाइप, डायफ्रॅम किट, पेट्रोलची नळी, फिल्टर, प्लग आणि मजुरी मिळून नव्याच्या पाव किमतीच्या आत काम झालं. खर्च निम्म्याच्या वर गेला असता तर मी नवाच घेतला असता.

पाऊस गेल्यावर जुन्या हापूसच्या कलमांचं पुनरुज्जीवन याच कटरवर केलं. मांडीएवढ्या फांद्या एका दमात कापल्या आणि कापाला लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली. थंड मशीन पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतं आणि रेस सोडली की चेन थांबते. माडात मात्र कस लागतो. खोड बाहेरून टणक, आत काथ्या, आणि किनाऱ्यावर पडलेला माड असेल तर सालीत वाळू. चेन बघता बघता बोथट होते. कपच्यांऐवजी भुसा पिठासारखा पडायला लागला की थांबायचं आणि कानस मारायची. माझ्या .३२५ पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या मापाच्या) चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते. दाबून कापत राहिलात तर पट्टी (जिच्यावरून चेन फिरते ती) आणि क्लच दोन्ही तापतात. चेनला जळकं ऑइल घालायची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. त्यातला धातूचा कीस पट्टी आणि पंप दोन्ही खातो.

एक उणीव होती. हादरे झेलणारे रबर जुनेच असल्यामुळे संध्याकाळी हाताला मुंग्या यायच्या. नवे रबर मागवले, ते शिमग्याच्या सुमारास मिळाले, आणि बसवल्यावर त्रास गेला.

पेट्रोलबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल धरतं, आणि आपल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! लिटरला २० मिली टू-टी ऑइल, म्हणजे ५०:१ चं मिश्रण, मी लागेल तेवढंच करतो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लाकडं फोडून झाली की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मग चेन काढून तेलात ठेवतो, नाहीतर खारी हवा तिला सोडत नाही.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ५८ सीसीचे कटर शेजारच्या काकांकडे वापरून पाहिले. ताकद आहे, स्पेअरही सहज मिळतात, पण दिवसभर हातात धरवत नाहीत. घरच्या जळणापुरतं हवं असेल तर चालतील. रोज तोडीची कामं घेणाऱ्याने मात्र जुन्यात जीव अडकवू नये, कारण मशीन बंद पडलं की गड्यांची मजुरी अंगावर येते. आणि चेन ब्रेक, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक, लागत नसेल, त्याचा भागही मिळत नसेल, तर पिस्टन कितीही चांगला असू दे, तो कटर भंगारात घाला.