मेटमधले अस्मत खांब: न्यूयॉर्कला जाल तर हे चुकवू नका

न्यूयॉर्कला आलेले आपले पाहुणे मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयात, इजिप्तचं देऊळ आणि व्हॅन गॉगची चित्रं पाहतात, तेवढ्यात दमतात आणि निघतात. मी शेजारच्या न्यू जर्सीत, एडिसनला राहते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी मायकेल रॉकफेलर दालनात नेते. नूतनीकरणासाठी बरीच वर्षं बंद असलेलं हे दालन ३१ मे २०२५ला पुन्हा उघडलं.

तिथे जायचं ते अस्मत लोकांचे ‘बिस’ खांब बघायला. न्यू गिनीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आज इंडोनेशियात असलेल्या दलदलीच्या मुलखात हे लोक राहतात. गावातली माणसं गेली, त्यातही शत्रूच्या हातून, की त्यांच्या नावानं खांब कोरला जाई. ते मरण विसरणार नाही, बदला घेऊ, असं ते वचन असे. झाड उलटं करतात, मुळांची बाजू वर. सगळी मुळं छाटून फळीसारखं एकच ठेवतात आणि त्यात जाळीदार नक्षी कोरतात. ते माथ्यावरून पंखासारखं पुढे येतं. त्याखाली एकाच्या खांद्यावर एक अशी पूर्वजांची माणसं. उंची साधारण १८ फूट. समोरून बघून पुढे जाऊ नका, बाजूला उभे राहा. जाळीतली माणसं तिथूनच उलगडतात.

आपल्याकडचा वीरगळ दगडाचा, टिकावा म्हणून उभा केलेला. बिस खांब मात्र समारंभ उरकला की सागो ताडाच्या बनात नेऊन कुजायला ठेवायचे. त्या ताडाच्या खोडातलं पीठ हे अस्मतांचं रोजचं अन्न. खांबातली शक्ती मातीत उतरते आणि बन फळतं, अशी श्रद्धा.

मग हे खांब इथे कसे? १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांचा २३ वर्षांचा मुलगा मायकेल गावोगावी फिरून पोलादी कुऱ्हाडी, तंबाखू, मासेमारीचे गळ यांच्या बदल्यात कोरीव वस्तू घेत होता. नोव्हेंबरात त्याची होडी उलटली. तो पोहत किनाऱ्याकडे निघाला आणि पुन्हा कोणालाच दिसला नाही. त्यानं जमवलेलं सगळं आधी वडिलांच्या संग्रहालयात गेलं, तिथून मेटकडे आलं आणि १९८२मध्ये त्याच्या नावानं हे दालन सुरू झालं. ज्या बनासाठी खांब कोरले, त्या बनाला ते मिळाले नाहीत. मला हे दर वेळी टोचतं, तरी मी तिथे जाते.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की काही खांबांच्या कारागिरांची नावं नोंदलेली आहेत. ओमादेसेप गावचे फानिपदास आणि जेवेर. अशा वस्तूंच्या नोंदीत बहुतेकदा फक्त जमातीचं नाव सापडतं. इथे कोरणाऱ्याचं नाव घेऊन त्याच्या हाताची लकब शोधता येते. मुलांना ती नावं मोठ्यानं वाचायला लावा.

जवळच न्यू गिनीतल्याच क्वोमा लोकांच्या सभागृहाचं रंगवलेलं छतही बघा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संग्रहालयानं ते मारिवाई गावच्या चित्रकारांकडून मुद्दाम करून घेतलं. कुणाच्या समारंभातून ते उचललेलं नाही, म्हणून मी त्याखाली जास्त निवांत उभी राहते.

तिकीट ३० डॉलर, न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांनी मनाला येईल तेवढं द्यावं. बुधवारी बंद. शुक्रवार-शनिवारी रात्री ९पर्यंत उघडं असतं, पण तुम्ही दिवसाच जा. सेंट्रल पार्ककडची भिंत काचेची आहे आणि हे काम दिवसाच्या उजेडात बघण्यासारखं आहे.